वॉर्सॉचं ओल्ड टाउन एका दिवसात कसं बघायचं

आधी एक लक्षात घ्या, हे ओल्ड टाउन दिसतं जुनं पण १९४४ मध्ये जर्मनांनी जवळजवळ सगळं उडवून दिलं होतं आणि युद्धानंतर ते परत उभं केलंय, १९८० पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

सकाळी लवकर कॅसल स्क्वेअरला पोचा, गर्दी नसते. झिगमुंट राजाच्या खांबाचा फोटो सगळेच काढतात, पण राजवाड्याच्या बाजूला जाऊन जुन्या खांबाचे तुटलेले तुकडे आडवे पडलेत ते बघा, खरी गंमत तिथे आहे. मग राजवाडा. हा तर १९७१ ला परत बांधायला घेतला आणि १९८४ ला लोकांसाठी उघडला. आत बेलोत्तो या इटालियन चित्रकाराची १८व्या शतकातली शहराची चित्रं अजिबात सोडू नका, घरं परत बांधताना हीच चित्रं समोर ठेवली होती!

पुढे कॅथेड्रल, बाहेरच्या भिंतीत रणगाड्यासारख्या यंत्राचा लोखंडी पट्टा बसवलाय तो शोधा. मार्केट स्क्वेअरवर जलपरीचा पुतळा बघून घ्या, जेवण मात्र तिथे महाग पडतं, दोन गल्ल्या सोडून जेवा. बार्बिकन, म्हणजे जुन्या तटबंदीचा बुरूज, दहा मिनिटांत होतं.

संध्याकाळी सेंट अ‍ॅन चर्चच्या टॉवरवर चढा, पायऱ्या बऱ्याच आहेत पण सगळा चौक खाली दिसतो. कोल्हापूरकर असाल तर दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासित राहिलेल्या वळिवडे कॅम्पची आठवण म्हणून उभारलेलं स्मारकही याच शहरात आहे, वेळ काढाच.