तीन पिढ्यांनी एकत्र बसून विनोदी मूकपट कसे पाहावेत

आजोबांना कमी ऐकू येते, नातवाला अजून वाचता येत नाही आणि मधल्या पिढीचे निम्मे लक्ष फोनमध्ये असते, अशा घरात सर्वांनी मिळून काही पाहायचे ठरवल्यास विनोदी मूकपटाइतकी सोयीची गोष्ट नाही. त्यातला विनोद शब्दांवर बेतलेला नसतो, त्यामुळे कोणी कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. मात्र निवड चुकली तर दहा मिनिटांत एकेक जण उठून जातो.

सुरुवात पूर्ण लांबीच्या चित्रपटाने करू नये. दोन रिळांचे, वीस-पंचवीस मिनिटांचे लघुपट आधी घ्यावेत. चार्ली चॅप्लिनचा १९१७ सालचा ‘द इमिग्रंट’ मी नेहमी पहिला लावतो. जहाजाच्या कठड्यावर पोट टेकून एक माणूस पाठमोरा वाकलेला दिसतो, त्याला मळमळते आहे अशी आपली खात्री होते आणि तो वळतो तेव्हा त्याच्या हाती गळाला लागलेला मासा असतो. लहान मूल माशाला हसते, मोठी माणसे स्वतःच्या फसण्याला हसतात; हसू एकाच क्षणी फुटते, कारणे मात्र वेगळी असतात. म्हणूनच विनोद आधी सांगू नये आणि नंतर उलगडूनही दाखवू नये. त्यानंतर बस्टर कीटनचा ‘वन वीक’ (१९२०) लावावा. सुट्या भागांचे घर जोडू पाहणाऱ्या नवदांपत्याची ती गोष्ट आहे आणि तिचा शेवट मी येथे मुद्दाम सांगत नाही.

सर्वांत जास्त काळजी वेगाची घ्यावी. मूकपटांच्या काळी कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई आणि चित्रणाचा वेग ठरावीक नसे. सेकंदाला सोळा चौकटी (म्हणजे सोळा स्थिर चित्रे) या वेगाने टिपलेले दृश्य बोलपटांच्या चोवीस चौकटींच्या वेगाने दाखवले की ते दीडपट वेगाने पळते, आणि ‘जुने चित्रपट म्हणजे तुरुतुरु पळणारी माणसे’ हा समज पुष्कळसा त्यातूनच आला आहे. (विनोदपटांत थोडी घाई मुद्दामही ठेवलेली असे, हे विसरू नये.) मागच्या रस्त्यावरून जाणारी साधी माणसे पाहावीत, तीसुद्धा पळताना दिसली, तर दुसरी प्रत शोधावी किंवा आवाज बंद करून वेग पाऊणपट करावा.

आवाज बंद केल्यास दुसरे वाद्यसंगीत जरूर लावावे, कारण हे चित्रपट चित्रपटगृहात पियानो, ऑर्गन किंवा वाद्यवृंदाच्या साथीने दाखवले जात. दृश्यांच्या मधे पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या अक्षरपाट्या एकाच व्यक्तीने, थोडक्यात आणि मराठीत मोठ्याने वाचाव्यात. चित्रपट एकदा आधी स्वतः पाहून ठेवणेही आवश्यक आहे, कारण त्या काळच्या काही विनोदांत वंशावरून केलेली कुचेष्टा आढळते.

दोन-तीन लघुपट रुचले की हॅरल्ड लॉइडचा ‘सेफ्टी लास्ट’ (१९२३) घ्यावा. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणाऱ्या या नटाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी १९१९ मधल्या अपघातात तुटली होती, हे मात्र चित्रपट संपल्यावरच सांगावे. कीटनच्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीमुळे तो उभ्याचा उभा वाचतो. ‘भिंत खरीच पडली का?’ असे मुलांनी विचारले, तर खरी पडली, हे सांगून तेवढे दृश्य मागे नेऊन पुन्हा, या वेळी सावकाश, दाखवावे.