काळविटांचा मीलनकाळ पाहायचा असेल तर लेंड्यांचा ढीग शोधा

येवला तालुक्यातील ममदापूरच्या माळावर दिवसभर गाडी फिरवूनही अनेकांना केवळ पळत्या हरणांच्या पाठी दिसतात. काळविटांचे मीलन वर्षभर होत असले, तरी मार्च ते मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्याला विशेष जोर असतो.

१. पायवाटेवरूनच दुर्बिणीने उघड्या जमिनीवरील लेंड्यांचा ढीग शोधावा. आपली हद्द राखणारा नर पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतो.

२. ढीग ओला, काळसर व चकचकीत असेल, तर नर नुकताच येऊन गेला असे समजावे. सुकलेल्या, भुरकट ढिगापाशी वेळ घालवू नये.

३. पहाटेच, वारा ढिगाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, दूर, स्थिर बसावे. गडद काळा पडलेला नर नाक वर करून, शिंगे पाठीवर टेकवून मादीमागे डौलाने चालू लागला, डोळ्याजवळची ग्रंथी काडीला घासू लागला किंवा घशातून घुरघुरू लागला, की तो माजावर आहे हे निश्चित. हे दृश्य खरोखर विलक्षण असते.

गवतात नवजात पाडस निपचित दडलेले असू शकते, म्हणून वाट सोडून मुळीच चालू नये. काळविटाची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा असल्याने संशयास्पद हालचाल दिसताच वनविभागाला कळवावे.