तंजावरला रेल्वेने जाताना: निघण्याआधी काय काय बघाल

चेन्नईहून विल्लुपुरम, चिदंबरम, मयिलाडुतुरै, कुंभकोणम, तंजावर आणि पुढे तिरुचिरापल्ली अशी जी जुनी रेल्वेवाट आहे, तिला तिकडे आजही ‘मेन लाइन’ म्हणतात. सगळ्यात आधी ही वाट नकाशावर बोटाने फिरून घ्या. कारण चेन्नई ते तिरुचिरापल्ली बऱ्याच गाड्या जवळच्या ‘कॉर्ड लाइन’ने, वृद्धाचलमवरून जातात आणि तंजावरला शिवतही नाहीत. गाडीच्या नावावर विसंबू नका, थांब्यांची यादी उघडून तंजावर आणि कुंभकोणम दोन्ही दिसतात का ते बघा.

मुंबई-पुण्याकडून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. आपली गाडी चेन्नई सेंट्रलला पोचते की एग्मोरला? दक्षिणेकडच्या गाड्या प्रामुख्याने एग्मोरहून सुटतात. दोन्ही स्थानकं जवळ आहेत, मधे मेट्रोही आहे, पण सामान आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर दोन गाड्यांमध्ये निदान तीन तास ठेवा. एग्मोरचं तमिळ नाव एळुंबूर. रिक्षावाल्याला तेच सांगितलं की चटकन कळतं.

आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. पोंगल हा तिकडचा मोठा सण जानेवारीच्या मध्यावर येतो, त्या आठवड्यात जागा मिळण्याची आशा धरू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा खरा पावसाळा, तेव्हा छत्री लागणारच. माझं मत विचाराल तर जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती खिडकीतून बघायची असेल तर हा टप्पा दिवसाच्या गाडीने करा. रात्रीच्या गाडीने एक मुक्काम वाचतो, पण चिदंबरम सोडल्यावर लागणारं कोळ्ळिडमचं, म्हणजे कावेरीच्या उत्तरेकडच्या फाट्याचं, रुंद पात्र झोपेत निघून जातं. कुंभकोणम ते तंजावर जेमतेम चाळीस किलोमीटर आणि तंजावर ते तिरुचिरापल्ली पन्नास, एवढ्या अंतराला आरक्षण लागत नाही, साधं तिकीट काढून पॅसेंजरने जा.

वेळापत्रक मात्र देवळांच्या दुपारभोवती आखा. बहुतेक देवळं साडेबाराच्या सुमाराला बंद होतात ती चारलाच उघडतात. पहिल्या खेपेला मी कुंभकोणमला बारा वाजता उतरले आणि खांद्यावर पिशव्या घेऊन चार तास उन्हात काढले. तेव्हापासून सकाळी लवकर पोचणारी गाडीच धरते. सामान मुक्कामावर टाकायचं, पितळी डबरा-टंबलरमधली (वाटी-पेल्यातली) डिग्री कॉफी, म्हणजे तिकडची फिल्टर कॉफी, घ्यायची आणि तीन-चार किलोमीटरवरच्या दारासुरमला निघायचं. तिथलं ऐरावतेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराज चोळ राजाने बांधलेलं. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे आहेत. बघायला तास पुरत नाही, दोन ठेवा.

पिशवीत चपलांसाठी कापडी थैली, जाड सुती मोज्यांचा एक जोड (अंगणातली फरशी अकरालाच पोळते), पाण्याची बाटली आणि ओळखपत्र. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या. पहिल्या राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर देवळाचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साठ मीटरच्या आसपास उंच आहे, वरच्या मजल्यांवरच्या मूर्ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आणि एक विजेरी घ्या. मोबाइलची चालेल, पण हातात धरायची वेगळी बरी.

विजेरी कशासाठी, ते सांगते. बृहदीश्वराच्या अंगणाभोवती जी ओवरी आहे, तिच्या नैऋत्य बाजूच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तो कोरवला, त्यात भोसले घराण्याचा इतिहास आहे. दोन दिवस सगळ्या पाट्या तमिळमध्ये बघितल्यावर भिंतीवर एकाएकी आपली अक्षरं दिसतात, तेव्हा पाय जागीच थांबतात. समोरून उजेड टाकला तर अक्षरं दगडात बुडून जातात, विजेरी भिंतीला लगटून तिरकी धरली की कोरलेल्या कडांना सावली पडते आणि ओळ उठून येते. बोट फिरवायचा मोह होईल, फिरवू नका, हाताच्या तेलाने दगड खराब होतो. मराठी जुन्या वळणाची आहे, म्हणून घरूनच मालोजी, शहाजी, व्यंकोजी अशी वंशावळ कागदावर उतरवून न्या. नावं ओळखीची असली की वाक्य सापडतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७० च्या दशकात तंजावरला स्थिरावले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती, एवढं मुलांनाही सांगून ठेवा.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयासाठी अर्धा दिवस वेगळा काढा. तिथे मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. सर्वसाधारण पाहुण्याला प्रदर्शनाचा भागच दिसतो. प्रत्यक्ष कागद अभ्यासायचे असतील तर आधी पत्र लिहून परवानगी मागा. सुटीचा वार फोन करून विचारून घ्या.

तमिळ आकडे शंभरापर्यंत पाठ केलेत तर बाजारात सोपं जातं. परतीचं तिकीट तंजावरऐवजी तिरुचिरापल्लीहून काढा. जंक्शन मोठं आहे, गाड्या जास्त आहेत, आणि सकाळी तिथल्या खडकावरच्या उच्चि पिळ्ळैयार या गणपतीच्या देवळाच्या चारशेवर पायऱ्या चढून मग दुपारची गाडी गाठता येते.