चित्र नंतर, आधी खालची पट्टी

प्रिंटमेकिंग शिकून मी सतराव्या शतकातल्या फ्रेंच छापचित्रांच्या अभ्यासाकडे वळले. पहिले सहा महिने नुसती चित्रं बघत होते: चौदाव्या लुईचे कुरळे केस, लेस, चिलखत. वह्या भरल्या, हाती काही लागलं नाही. मग एका वरिष्ठ बाईंनी चित्रावर कोरा कागद आडवा धरला आणि म्हणाल्या, “आता वाच.”

उरली होती फक्त चित्राखालची लॅटिन अक्षरांची पट्टी. ‘पिंक्सिट’ म्हणजे अमक्याने रंगवलं, ‘स्कल्पसिट’ म्हणजे कोरलं, ‘एक्सकुडिट’ म्हणजे प्रकाशित केलं. ‘कुम प्रिव्हिलेजिओ रेजिस’ असेल तर राजाचा परवाना, म्हणजे इतरांना नक्कल करायला बंदी. नवीन असाल तर सुरुवात इथून करा. घरबसल्या जमतं, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’वर हजारो छाप फुकट बघता येतात.

एक तारीख मात्र पाठच करा: 1660. त्या वर्षी सेंत-जां-द-ल्यूझ इथून निघालेल्या फर्मानाने कोरणकाम ही मुक्त कला ठरली, कारागीर संघाच्या जाचाबाहेर. पुढे राजाचा मंत्री कोल्बेर याच्या काळात राजाचा चित्रकार लब्रं याची ‘अलेक्झांडरच्या लढाया’ ही चित्रं जेरार ऑद्रांने तांब्यावर उतरवली ती राजाच्या खर्चाने. राजाश्रयाचं ऊन सगळ्यांवर सारखं पडत नव्हतं, हेही खरं. एचिंगवर, म्हणजे आम्लाने पत्रा कोरण्यावर, पुस्तक लिहिणाऱ्या आब्राम बॉसला 1661 मध्ये राजाच्या चित्र-शिल्प अकादमीने बाहेर काढलं.

आणि ब्युरिन, म्हणजे तांब्यावर रेघ कोरायचं टोकदार पोलादी हत्यार, एकदा तरी हातात धराच. वळणाची रेघ काढताना हात नाही, पत्रा फिरवायचा, हे मला डाव्या अंगठ्यात टोक घुसल्यावर कळलं. त्यानंतर क्लोद मेलांचा 1649चा येशूचा चेहरा बघितला. नाकाच्या शेंड्यापासून सुरू झालेली एकच रेघ गोल गोल फिरत जाते, कुठे जाड, कुठे बारीक. अंगठा आपोआप मिटला.

बॉसच्याच 1642च्या एका छापात छापखाना दिसतो. एकजण शाई भरतोय, एकजण तळव्याने पत्रा पुसतोय, तिसरा प्रेसच्या दांड्यांवर पाय देऊन सगळं वजन टाकतोय. वर दोरीवर ओले कागद. या तिघांची नावं पट्टीत शोधू नका. अशा माणसांसाठी राजाच्या बांधकाम खात्याचे हिशेब उघडा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते छापून निघालेत. कोरणाऱ्यांना दिलेल्या रकमा त्यात आहेत, आणि मधूनच, बिदागी घेऊन गेलेला एखादा छापणाराही.