हंगामाआधी कॅमेऱ्याचे बफर

देवगडात आंब्याच्या पेट्या भरायला लागल्या की प्रतवारीच्या पट्ट्यापाशी कोणालाच उसंत नसते, म्हणून पट्ट्यावरचं डागी फळ टिपून फळीने बाजूला ढकलायला लावणाऱ्या, रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्याचं काम फेब्रुवारीतच उरकून घ्या. आधी हिशेब. १९२० बाय १०८० ची वाययूवायव्ही (दर पिक्सेलला दोन बाइट घेणारा चित्राचा प्रकार) फ्रेम, म्हणजे एक चित्र, ४१,४७,२०० बाइटची. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्या तर सुमारे १२४ मेगाबाइट. यूएसबी २ ला हे झेपत नाही, रिबन केबलचा कॅमेरा लावा.

मग बफर, म्हणजे आलेल्या फ्रेम ठेवायच्या मेमरीतल्या जागा, किती ते ठरवा. गेल्या हंगामात, जास्त असलेले बरे म्हणून, मी आठ मागितले. प्रोग्रॅमला एका फ्रेमला ३३ मिलिसेकंदांहून जरा जास्त वेळ लागायचा, रांग भरलेलीच राहायची आणि हाती यायची ती रांगेतली सर्वांत जुनी फ्रेम, साधारण पाव सेकंद शिळी. अर्धा मीटर प्रतिसेकंद चालणाऱ्या पट्ट्यावर तेवढ्यात आंबा साडेबारा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. डागी फळ सुटायचं आणि फळी त्याच्या मागच्या चांगल्या हापूसला ढकलायची. बिनडागाचं, देठाशी चीक वाळलेलं फळ टाकाऊ क्रेटमध्ये बघून जीव तुटायचा.

यंदा चारच मागा. व्हीफोरएलटू (लिनक्समधली कॅमेरा हाताळणारी व्यवस्था) मागाल तितकेच देईल असं नाही, परत आलेला आकडा वाचा. सगळे सुरुवातीलाच एमॅप करून, म्हणजे प्रोग्रॅमला थेट वाचता येतील असे जोडून, ठेवा. पट्टा चालू असताना नवी मेमरी मागायची नाही. रांगेत एकाहून जास्त भरलेले बफर असले तर सर्वांत ताजा ठेवा, बाकीचे लगेच ड्रायव्हरला, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, परत करा. हातातला मात्र काम संपल्यावरच सोडा. घाई केलीत तर त्यावरच नवी फ्रेम लिहिली जाते, आणि चित्रात वरचा अर्धा भाग एका आंब्याचा, खालचा दुसऱ्याचा.

फ्रेमचं वय मोनोटॉनिक, म्हणजे उडी न मारता फक्त पुढेच जाणाऱ्या, घड्याळावर मोजा. आपल्याकडे वीज जाते-येते, रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. नेट आलं की वेळ उडी मारते आणि वजाबाकी चुकते. फ्रेमचा क्रमांकही नोंदवा, मधला आकडा सुटला म्हणजे फ्रेम गळली. ही नोंद फ्रेम घेणाऱ्या थ्रेडमधून (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागातून) मेमरी कार्डावर लिहू नका, कार्ड अधूनमधून अडतं.

मग खडूची खूण केलेल्या कैऱ्या पट्ट्यावर सोडा आणि फळी नेमकी त्यांनाच लागते का ते पूर्ण वेगात तासभर बघा. संगणकाच्या पेटाऱ्याचं झाकण लावून बघा. आत तापलं की प्रोसेसर मंदावतो.