टीबी पेशंटच्या घरच्यांचं जेवण: रिसर्चमधली गोष्ट आपल्या वॉर्डात कशी उतरवायची

ठाणे-नवी मुंबईकडच्या कळवा, दिघा, तुर्भे स्टोअर या पट्ट्यात आरोग्याचं काम करणारी मुलंमुली नेहमी विचारतात, एवढे अभ्यास छापून येतात मग वस्तीत त्यातलं काही दिसत का नाही आणि आपण त्यात काय करायचं. करण्यासारखं खूप आहे, फक्त सगळं एकदम हातात घ्यायचं नाही, एकच निष्कर्ष पकडायचा आणि तो घरातल्या ताटापर्यंत पोचेस्तोवर सोडायचा नाही. मी टीबीचं उदाहरण घेऊन सांगते, कारण आपल्याकडे दाटीवाटीच्या खोल्यांमध्ये एकाला टीबी झाला की बाकी घर त्याच हवेत झोपतं.

2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात झारखंडचा रेशन्स नावाचा अभ्यास आला, डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या टीमचा. 2,800 पेशंट आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं त्यात होती. आता इथे नीट वाचा, कारण बातम्यांमध्ये नेमकं हेच गळतं. पेशंटला शिधा दोन्ही गटांत मिळत होता, फरक होता तो घरच्यांच्या शिध्याचा. एका गटात घरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटात नाही. ज्या घरांना शिधा मिळाला तिथे नवीन टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला, आणि फुफ्फुसाचा, तपासणीत जंतू सापडलेला टीबी 48 टक्क्यांनी. कुठलाही अभ्यास हातात आला की आधी एवढंच काढायचं: कोणाला दिलं, काय दिलं, किती दिलं, आणि कोणाशी तुलना केली. हे चार प्रश्न स्वतःच्या शब्दात मराठीत लिहिता आले नाहीत तर अजून पुढे जाऊ नका.

मग बघायचं की तिकडचं इकडे कितपत लागू होतं. झारखंडच्या त्या अभ्यासात दर पाचातले चार पेशंट कुपोषित होते, तुमच्या हेल्थ पोस्टच्या, म्हणजे वस्तीतल्या महापालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्राच्या, पेशंटची वजनं बघितल्याशिवाय इथेही तसंच असेल असं धरून चालू नका. आपल्याकडे टीबीसोबत शुगर असलेले पेशंटही भेटतात, त्यांना भाताचा ढीग आणि गूळ देऊन चालणार नाही, तिथे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. आणि पोळी खाणाऱ्या घराला तांदूळच द्यायचा हट्ट कशाला, महत्त्वाचं आहे ते पोटभर अन्न आणि त्यातलं प्रोटीन, ते तूरडाळ, चणे, शेंगदाणे, अंडी यातून येतं. महागड्या प्रोटीन पावडरच्या एका डब्याच्या पैशात घरची बरीच डाळ येते.

यानंतर बरेच जण थेट निवेदन लिहायला बसतात की सरकारने योजना आणावी. थांबा, आधी योजना आहे का ते बघा. केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबी पेशंटच्या खात्यात दरमहा पैसे येतात, आधी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत. निक्षय मित्र म्हणून कोणीही माणूस, कंपनी किंवा सोसायटी पेशंटला शिधा देऊ शकते, आणि आता घरच्यांनाही त्यात घेतलंय. म्हणजे या विषयात पॉलिसी फार मागे नाहीये, अडतंय ते खाली. पेशंट परप्रांतातून आलेला, बँकेत खातं नाही, खातं आहे तर आधारशी जोडलेलं नाही, मोबाईल नंबर बदललाय, घर बदलून दुसऱ्या वॉर्डात गेलाय आणि कार्ड जुन्याच सेंटरला आहे. ही कामं पेपरात छापून येत नाहीत पण रिसर्च प्रत्यक्षात येतो तो इथेच. गडचिरोलीतल्या डॉ. बंग दांपत्याचा घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास 1999 ला छापला गेला आणि देशभर आशांमार्फत तो कार्यक्रम 2011 ला सुरू झाला, मध्ये बारा वर्षं गेली. म्हणून जिथे पॉलिसी लवकर आलीय तिथे आपण तरी वेळ घालवायला नको.

कुठल्या माणसाकडे जायचं? साहेबांकडे नाही, आधी आशाताईकडे आणि टीबीच्या हेल्थ व्हिजिटरकडे, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन पाठपुरावा करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. त्यांना विचारा की या महिन्यात तुमच्या यादीतल्या किती पेशंटचे पैसे आले नाहीत, आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का, प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या का. बसून ऐका. त्यांच्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत की तुम्ही नवीन फॉर्म घेऊन गेलात तर काम तिथेच मेलं, म्हणून जे काही नोंदवायचं ते आहे त्याच ट्रीटमेंट कार्डावर.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, वजन. त्याच टीमच्या अभ्यासात असं दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी होता. वजन वाढलं म्हणूनच माणूस वाचला असं यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, आजार हटतोय म्हणूनही वजन वाढत असेल, पण वजन न वाढणं ही धोक्याची खूण आहे एवढं नक्की. आणि ही खूण ओळखायला लागतो फक्त वजनकाटा. 40 किलोच्या माणसाचं दोन महिन्यांत 2 किलो वाढायला हवं. म्हणून गोळ्या न्यायला येईल तेव्हा दर वेळी वजन, तेही चपला काढून, त्याच काट्यावर, आणि कार्डावर तारखेसकट. पण नुसतं लिहून उपयोग नाही, आधीच ठरवून ठेवा की महिन्याभरात काटा हलला नाही तर कोण कोणाला फोन करणार, डॉक्टर कधी बघणार, शिधा पोचतोय का हे घरी जाऊन कोण बघणार. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव, 'आपण सगळे बघू' म्हटलं की कोणीच बघत नाही.

सुरुवात एकाच हेल्थ पोस्टपासून करा. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये टायफॉइडची नवीन प्रकारची (कॉन्जुगेट) लस 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना दिली, भारतात सरकारी पातळीवर पहिल्यांदा, तेव्हाही शहराच्या काही भागात आधी आणि उरलेल्या भागात नंतर असं ठरवलं होतं, त्यामुळे लस मिळालेला आणि न मिळालेला भाग शेजारी ठेवून फरक तपासता आला. तुम्हीही एका पोस्टवरची आणि शेजारच्या पोस्टवरची वजनं तुलनेला ठेवा, मात्र शेजारच्यांचं हक्काचं काही अडवून ठेवायचं नाही.

दोन गोष्टी अजिबात करू नका. 'टीबी जेवणाने बरा होतो' असा मेसेज फिरवू नका, गोळ्या सोडून बसलेला पेशंट स्वतःचं आणि घरच्यांचं नुकसान करतो. आणि शिधा घेताना पेशंटचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, चाळीत कळलं की मुलीचं लग्न मोडतं, भाड्याची खोली जाते, मग पुढचा माणूस तपासणीलाच येत नाही.

हे सगळं हातात आलं की मग शहर क्षयरोग अधिकाऱ्यांना भेटा. एकच पान न्या, मराठीत, वरच काय हवंय ते: अमुक इतके वजनकाटे, अमुक घरांना शिधा, आपल्याच नाक्यावरच्या किराणा दुकानाच्या भावाने येणारा खर्च, आणि आतापर्यंतची वजनं. अभ्यासाची माहिती खाली तीन ओळींत. महापालिकेचं बजेट साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं आणि विभागांच्या मागण्या त्याच्या आधीच जातात, म्हणून दिवाळीच्या आसपास भेटलात तर उपयोग. पत्र आवक विभागात देऊन नंबर आणि शिक्का घ्या, कारण अधिकारी बदलून जातात, नवीन मॅडमना आधीचं काही माहीत नसतं, आणि तुमच्याकडे आवक क्रमांक असला तरच त्यांचा क्लार्क ती फाईल शोधून काढतो.