सिएटलच्या ढगांखाली सोलर

ऑक्टोबर लागला की नव्याने आलेली मंडळी हमखास विचारतात, "इथे सूर्य दिसायची मारामार, मग लोकांच्या छपरांवर पॅनल कशाला?" मीही पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं. आता माझ्याच छपरावर आहेत.

इथला हिशोब आगोटीच्या बेगमीसारखा आहे. फक्त आपण पावसाआधी पापड-मिरच्या भरतो, इथे युनिटं भरायची. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे असतात आणि जूनमध्ये दिवस सोळा तासांचा. तेव्हाची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते, ती नेट मीटरिंगमध्ये तुमच्या खात्यावर जमा होते आणि हिवाळ्यात वापरता येते. मात्र 31 मार्चला उरलेलं सगळं कंपनीच्या खिशात जातं, पैसे मिळत नाहीत. त्यामुळे गरजेपेक्षा मोठी सिस्टीम गळ्यात मारणाऱ्यापासून सांभाळा. एका किलोवॉटमागे वर्षाला हजारेक युनिटं धरा. पुण्यात चौदाशेच्या पुढे जातात, पण सोलरमध्ये नावाजलेल्या जर्मनीपेक्षा आपण काही मागे नाही.

ढगांपेक्षा झाडांची काळजी करा. घर बघायला डिसेंबरात गेलात तर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर असतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवा, तेवढाच. शेजारच्या डग्लस फरची सावली अख्ख्या छपरावर पडलेली दिसेल. तिने घाबरू नका, डिसेंबरात तसंही फारसं काही बनत नाही. पाहायचं ते हे, की मे ते ऑगस्ट सकाळी दहा ते चार छपरावर ऊन असतं का. दक्षिणेचं छप्पर उत्तम, पश्चिमेचंही चालतं. आणि पॅनल धुवायची कटकट नाही, पाऊस धुतो.

पैशाचं स्पष्टच सांगतो. केंद्राची तीस टक्के करसवलत 2025 अखेर बंद झाली. शहराची वीज कंपनी सिएटल सिटी लाइट, तिची वीज बहुतेक धरणांची आणि म्हणून स्वस्त, त्यामुळे खर्च वसूल व्हायला वर्षं लागतात. शेजारच्या बेलव्ह्यू-रेडमंडला पुजेट साउंड एनर्जी ही वेगळी वीज कंपनी आहे, तिथले दर लावून वेगळं गणित करा. एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, सरसकट 'नाही' म्हणू शकत नाही, राज्याचा कायदा आहे. पण पॅनल कुठे आणि कसे, याबद्दल अटी घालू शकते. छप्पर पंधरा वर्षांचं झालं असेल तर आधी ते बदला. पॅनल उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी मी भरली आहे, तुम्ही भरू नका.

आणखी एक, जे मला विक्रेत्याने सांगितलंच नव्हतं. नोव्हेंबर 2024 च्या वादळात लाइट गेले आणि दुसऱ्या दिवशी छान ऊन पडलं तरी आमच्याकडे अंधार. बॅटरी नसेल तर ग्रिड गेल्यावर सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) स्वतःहून बंद होतो, नाहीतर पॅनलची वीज बाहेरच्या तारांत जाऊन त्या जोडणाऱ्या लाइनमनला शॉक बसेल. आईचा फोन आला, "अरे, सोलर आहे ना तुमच्याकडे?" गॅसच्या कॅम्पिंग शेगडीवर अंगणात चहा ठेवत तिला हे समजावलं. तिला पटलं नाही.